शंभरपर्यंत म्हणतो, मग वाचताना का अडतो?

जूनमध्ये आमच्या कोकणच्या किनाऱ्यावर दोन गोष्टी एकदमच होतात. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते, आणि महिन्याच्या मध्यावर शाळा उघडतात. वर्षभर पहाटे दर्यावर जाणारे बापूस या दिवसांत घरी असतात, जाळी नीट करत बसतात आणि मुलाला सोडायला शाळेपर्यंत येतात. पहिली-दुसरीच्या वर्गाच्या दारात मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला प्रश्न याच दिवसांतला आहे. "बाई, झील (मुलगा) शंभरपर्यंत घडाघडा म्हणता, पण पुस्तक हातात दिला काय गप रवता. ह्येका येता काय येणा नाय, ताच समाजणा नाय."

प्रश्न अगदी नेमका आहे. आणि हल्ली तो आणखी गोंधळाचा झाला आहे, कारण पालकसभेत 'निपुण', 'एफएलएन' असे शब्द कानावर पडतात आणि कोणी ते उलगडून सांगत नाही. केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी निपुण भारत अभियान सुरू केलं. २०२६-२७ पर्यंत तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, मनातलं लिहिता यावं आणि रोजच्या व्यवहारापुरतं गणित यावं, एवढाच त्याचा अर्थ. सरकारी कागदात याला 'पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञान' म्हणतात, त्याचंच इंग्रजी लघुरूप 'एफएलएन'. मी पुढे नुसतं 'पाया' म्हणेन.

अपेक्षा ऐकायला साध्या आहेत. पहिलीच्या शेवटी चार-पाच सोप्या शब्दांचं वाक्य वाचता यावं, ९९ पर्यंत संख्या वाचता-लिहिता याव्यात. दुसरीत ९९९ पर्यंत, तिसरीत ९९९९ पर्यंत. तिसरीच्या मुलाने मिनिटाला निदान ६० शब्द, अर्थ समजून, वाचावेत. या साध्या ओळींच्या मागे मुलाच्या डोक्यात किती काम चालतं, ते एकदा नीट बघितलं की त्या बापसाच्या प्रश्नाचं उत्तर सापडतं.

म्हणणं वेगळं, वाचणं वेगळं

गणपतीत आठवा. चार वर्षांचं पोर मोठ्यांच्या बरोबरीने टाळ्या वाजवत सगळ्या आरत्या म्हणतं. चाल चुकत नाही, शब्द मात्र भलतेच जोडलेले असतात. एक शब्द कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, हे त्याला माहीतच नसतं. मध्येच थांबवलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

'एक ते शंभर' आणि 'अ ते ज्ञ' हे बहुतेक मुलांसाठी आधी आरतीसारखंच असतं. त्यात वाईट काही नाही, पाठ होणं ही पहिली पायरी आहे. फक्त ती पायरी म्हणजे माडी नव्हे. मूल खरंच वाचतं का हे बघायचं असेल तर धड्यातलं वाचायला लावू नका, तो धडा त्याने वर्गात दहा वेळा ऐकलेला असतो. एस.टी.वरची पाटी दाखवा, बिस्किटाच्या पुड्यावरचा मराठी शब्द दाखवा. तिथेही सावध राहा. रोज दिसणारी 'कुडाळ'ची पाटी मूल चित्रासारखी ओळखतं. तीच अक्षरं वापरून 'डाळ' लिहिलं आणि ते वाचलं, तर ते वाचन.

अक्षर शिकताना नेमकं काय होतं

वाचनाची सुरुवात डोळ्यांपासून होत नाही, कानापासून होते. 'कमळ' हा शब्द क-म-ळ असा तीन तुकड्यांत ऐकू यायला लागला की मगच त्या तुकड्यांना चिन्हं चिकटवता येतात. म्हणून बालवाडीत टाळ्या वाजवत शब्द तोडण्याचे खेळ घेतात. 'म'ने सुरू होणारे शब्द सांगा: माड, मासा, मीठ, मामा. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं नुसता खेळ चाललाय. खरं तर वाचनाची सगळी तयारी तिथेच होत असते.

मराठीत एक मोठी सोय आहे: जवळपास जसं बोलतो तसंच लिहितो. पण आकार पुष्कळ आहेत. क्ष आणि ज्ञ सोडले तर चौतीस व्यंजनं. बाराखडीत प्रत्येकाची बारा रूपं धरली तर चारशे आठ आकार होतात, आणि जोडाक्षरं त्याहून वेगळी. ही सगळी कोणी पाठ करत नाही. मूल नियम पकडतं: काना लावला की 'आ', मात्रा दिली की 'ए'. हा नियम पकडला गेला म्हणजे न शिकवलेलं 'झे' सुद्धा वाचता येतं. म्हणूनच चांगल्या वर्गात सगळी मुळाक्षरं संपेपर्यंत थांबत नाहीत. ग, म, भ, न अशी थोडी अक्षरं आली की लगेच काना देतात आणि 'गा', 'नाम', 'मामा' असे शब्द वाचायला देतात. आजोबांना वाटतं, अजून 'ज्ञ' आला नाही आणि शब्द कसले वाचायला लावतात? पण चार अक्षरांत शब्द वाचता येतात हे कळलं की मूल पाचवं अक्षर स्वतःहून मागतं.

अडखळण्याच्या जागा मात्र ठरलेल्या आहेत, आणि त्यात मुलाचा दोष नाही. 'कि' लिहिताना वेलांटी आधी दिसते आणि तोंडात नंतर येते. 'र' तर चार वेषांत फिरतो: प्रकाश, सूर्य, ट्रक, दऱ्या. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांत फरक एवढासा, पण एक समोर पसरलेला आणि दुसऱ्या सह्याद्रीत. 'चार चाकं' म्हणून बघा, दोन्ही 'च' वेगळे ऐकू येतात आणि लिहायला एकच अक्षर. 'जून' महिना आणि 'जून' भेंडी यांचंही तेच. मोठ्यांना हे जाणवत नाही, कारण आपण वाक्यावरून ओळखतो. मूल अजून वाक्यापर्यंत पोचलेलं नसतं.

मिनिटाला साठ शब्द कशाला? शर्यत आहे का?

शर्यत नाही. आपल्या मनाची एक ओंजळ असते, तिच्यात एका वेळी थोडंच मावतं. मूल 'बां… ग… डा' असं चाचपडत वाचत असताना ती ओंजळ अक्षरांनीच भरून जाते. वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवातीचं गळून गेलेलं असतं. मग "काय वाचलंस?" विचारलं की मूल गप्प बसतं, आणि आपण म्हणतो लक्ष नाही. लक्ष असतं हो, जागा नसते. अक्षरओळख सरावाने सहज झाली की ओंजळ रिकामी होते आणि तिच्यात अर्थ मावतो. साठ हा आकडा त्या सहजपणाची खूण आहे. कोणी घड्याळ लावून मुलाला पळवत असेल, तर त्याला या आकड्याचा अर्थ कळलेला नाही.

उलटही बघावं लागतं. काही मुलं झरझर वाचतात आणि त्यांना काहीही समजलेलं नसतं. वाचून झाल्यावर एकच साधा प्रश्न विचारा, उत्तर धड्यात थेट नसलेला. "मग आजी का रागावली असेल?" एवढा पुरतो.

मालवणीने मराठी बिघडते का?

हा प्रश्न मला फार जवळचा आहे, कारण त्यापायी मुलं बोलायची बंद झालेली मी पाहिली आहेत. एका मुलाने आंब्याच्या चित्राखाली 'आंबो' लिहिलं. लाल शाईने फुली मारावी असं पटकन वाटतं. पण विचार करा, त्याने काय काय बरोबर केलं! शब्दाचे तुकडे ऐकले, अनुस्वार ओळखला, ओकार योग्य अक्षराला लावला. त्याच्या घरात आंबो, बांगडो, घोडो असंच बोलतात. तो कानाला प्रामाणिक राहिला. त्याला लिहिता येत आहे, फक्त पुस्तकातला शब्द अजून भेटायचा आहे. "तुझो आंबो बरोबर, पुस्तकात त्याका 'आंबा' म्हणतत," एवढं सांगितलं की काम होतं. फुली मारली तर तो पुढच्या वेळी लिहिणारच नाही.

घरची बोली म्हणजे मुलाची शब्दांची पेटी. पेटी भरलेली असेल तर वाचलेल्या शब्दाला आत जाऊन आपला जोडीदार सापडतो. आजयेने सांगितलेल्या गजाली, सुंगटां (कोळंबी) निवडतानाच्या गप्पा, भांडणं, सगळं त्या पेटीत जातं. मुलाशी 'शुद्ध' बोलायचं म्हणून घरात मोजकंच बोललं तर पेटी अर्धी राहते.

पानं भरली म्हणजे लिहिणं आलं?

नाही. आणि पाच वर्षांच्या मुलाकडून पानं भरून घेणं मला पटत नाही. मीही सुरुवातीची काही वर्षं तेच केलं, नंतर सोडलं.

मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्माच्या वेळी ती सगळी मऊ कूर्चेची असतात आणि एकेक करत टणक होतात. शेवटचं आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान. बोटांची पकडही अजून कच्ची असते. त्याला 'क' दोनशेदा लिहायला लावला की पहिले वीस बरे येतात आणि उरलेले बिघडत जातात, म्हणजे सराव चुकीचाच होतो. त्यापेक्षा पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत, बोटाने मोठी अक्षरं काढू द्या. अबोलीचे वळेसार (गजरे) करताना बाजूला बसवून फुलं निवडायला द्या, पीठ मळायला द्या, शेंगा सोलायला द्या. हात त्यातून तयार होतो.

उलटी अक्षरं हीसुद्धा घाबरण्याची गोष्ट नाही. ३ आणि ६ यांची तर नेहमीच अदलाबदल होते, एक दुसऱ्याचं आरशातलं रूप आहे. पेला डावीकडे वळवला काय किंवा उजवीकडे, तो पेलाच राहतो, हे मूल जन्मापासून शिकत आलेलं असतं. दिशा बदलली की वस्तूच बदलते, हे त्याला पहिल्यांदा अक्षरांतच भेटतं. सात वर्षांच्या आसपास हे बहुधा आपोआप सुटतं.

आणि लिहिणं म्हणजे उतरवून काढणं नव्हे. 'काल आमच्या मांजरीला पिल्लं झाली' हे वाक्य चार चुकांसकट मुलाने स्वतः लिहिलं, तर ते फळ्यावरून सुबक उतरवलेल्या पानापेक्षा मला मोलाचं वाटतं.

आकडा म्हणजे किती?

काजूच्या सात बिया मुलासमोर ठेवा. ते बोट लावून मोजेल: एक, दोन… सात. आता विचारा, "किती आहेत?" पुष्कळ मुलं पुन्हा पहिल्यापासून मोजू लागतात. शेवटी उच्चारलेला शब्द म्हणजे सगळ्यांची मिळून संख्या, हे त्यांना अजून उमगलेलं नसतं. मग त्याच बिया लांब-लांब पसरा आणि विचारा, आता जास्त झाल्या का? काही मुलं हो म्हणतील. शंभरपर्यंत घडाघडा म्हणणारं मूलही यात अडकू शकतं. हे उमगणं हाच गणिताचा पाया, आणि तो वस्तू हाताळूनच बसतो.

पुढचा मोठा डोंगर म्हणजे दशक. इथे मराठी मुलाची वाट खरोखर अवघड आहे. 'सदतीस' ऐकताना आधी सात ऐकू येतात, मग तीस. लिहायचे मात्र आधी ३. मुलाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलं तर ७३ होतात. तुम्ही म्हणता चूक. त्याच्या बाजूने बघितलं तर त्याने नीट ऐकलं. त्यात एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी, एकोणचाळीस म्हणजे चाळिसाला एक कमी. हा नियम ८९ पर्यंत चालतो आणि ९९ ला मोडतो, तिथे नव्याण्णव. शेजारच्या कन्नडमध्ये इप्पत्तोंदु म्हणजे वीस-एक, जसं लिहितात तसंच बोलतात.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'पन्नास दोन' अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा केवढं वादळ उठलं होतं. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या. एकवीस, बावन्न ही नावं पुस्तकातून काढलेली नव्हती. मुलाला आधी संख्येची घडण दिसावी म्हणून दुसरी वाट सोबत दिली होती. ही नावं घरी-बाजारात चालतातच, ती मुलाला यायलाच हवीत. पण शिकताना 'पन्नास आणि दोन, म्हणजे बावन्न' असं म्हणायला काय हरकत आहे, हे मला तेव्हाही कळलं नाही.

दशक हाताने शिकवायला आपल्याकडे माड आहे. झावळीच्या हिरांचे, म्हणजे काड्यांचे, बोटभर तुकडे करा, दहा-दहा मोजून केळीच्या सोपटाने बांधा. सदतीस म्हणजे तीन जुड्या आणि सात सुट्या काड्या. त्यातून आठ काढायच्या तर सुट्या पुरत नाहीत, एक जुडी सोडावी लागते. वजाबाकीतला तो गूढ 'हातचा' म्हणजे ही सोडलेली जुडी, दुसरं काही नाही. दहा रुपयांची नोट आणि रुपयाची नाणी यांच्यावरही हे दाखवता येतं, पण नंतर. नोट सोडवून आतले दहा रुपये दिसत नाहीत, जुडी सोडली की दिसतात.

एक सूचना कलमवाल्यांच्या घरांसाठी. तुमच्याकडे आंबा डझनाने मोजतात, त्यामुळे मुलाच्या डोक्यात बाराचा गठ्ठा आधी बसलेला असतो. पुढे पाढ्यांना तो फार उपयोगी पडतो, पण दशक शिकवताना पेटी बाजूला ठेवा.

पण आम्ही तर पाढे पाठ करूनच शिकलो

शिकलात, आणि आजोबा तर पावकी-निमकी-दिडकीसुद्धा म्हणत. पाठांतराला माझा विरोध नाही. सात आठे छप्पन्न लगेच आठवलं तर ओंजळ मोकळी राहते आणि मूल पुढच्या विचाराला लागतं. फक्त क्रम पाहा. तीनच्या पाढ्याआधी तीन-तीन बियांचे वाटे मांडून झालेले असावेत. नाहीतर 'तीन चोक' विचारलं की मूल 'तीन एके तीन'पासून गाडी सुरू करतं, आरतीसारखी. आणि हेही आठवा की तुमच्या वर्गातली किती मुलं चौथीनंतर शाळेत दिसली नाहीत. पद्धत चांगली होती असं म्हणताना आपण फक्त पुढे गेलेल्यांना विचारतो.

इंग्रजी माध्यमात घातलं तर पुढे जाईल?

हा घरोघरचा निर्णय आहे, त्याची कारणंही खरी आहेत. मी फक्त वाचनाच्या बाजूने सांगते. अक्षरांना आवाज असतो, ओळीला अर्थ असतो, ही किल्ली मुलाला एकदाच मिळवायची असते. ती ओळखीच्या भाषेत लवकर मिळते, कारण वाचलेला 'मासा' त्याने ताटात पाहिलेला असतो. मग तीच किल्ली दुसऱ्या भाषेला चालते. इंग्रजीत 'पुट' आणि 'बट' एकाच स्वराने लिहितात आणि वेगवेगळे बोलतात. शब्दच अनोळखी असेल तर मुलाने कशावरून ठरवायचं? राज्यात २०२५ साली पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा शिकवण्याच्या शासननिर्णयांवरून वाद झाला, २९ जूनला ते मागे घेतले गेले. त्या सगळ्या गदारोळात सहा वर्षांचं मूल पहिल्या भाषेत वाचायला कसं शिकतं, हे फार थोड्यांनी विचारलं.

मोबाईलबद्दल थोडक्यात: अक्षरं दाखवायला तो ठीक आहे, पण तो मुलाचं ऐकत नाही. या वयात मुलाला ऐकणारं माणूस लागतं.

आम्हीच शिकलेलो नाही, घरी काय बघणार?

प्रथम संस्थेचा 'असर' अहवाल २००५ पासून निघतो. त्यांचे कार्यकर्ते गावात घरोघर जाऊन मुलाला एका कागदावरची अक्षरं, मग शब्द, मग छोटा उतारा, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचायला सांगतात. मूल कुठवर जातं, एवढंच टिपतात. हे कोणालाही करता येतं. जिथे अडलं तिथून सराव सुरू करायचा, वर्ग कुठला आहे ते बघायचं नाही. तिसरीतलं मूल शब्दांवर अडत असेल तर त्याला तिसरीचं पुस्तक देऊन काही होत नाही, आधी शब्दच द्यावे लागतात.

ज्यांना स्वतःला वाचता येत नाही त्यांनी मुलाला मोठ्याने वाचायला सांगावं आणि "मगे काय झाला?" विचारत राहावं. मूल अर्थ सांगू लागलं तर गाडी बरोबर चालली आहे. दुसरीच्या शेवटीही साधे शब्द जमत नसतील, तर आधी कान आणि डोळे तपासून घ्या. दोन्ही चांगले असूनही तिसरीत अक्षरं पुन्हा पुन्हा विसरत असतील, तर वाचनाची विशेष अडचण असू शकते. तेव्हा शाळेत बोलून तज्ज्ञाला दाखवा, मार देऊन ती जात नाही.

दारात उभ्या असलेल्या त्या बापसाला मी एवढं सगळं सांगितलं नव्हतं. जाळ्याच्या बोया मोजायला द्या म्हटलं, दहा झाल्या की तिथे चिंधी बांधायला सांगा. तिसऱ्या दिवशी झील दप्तर न काढताच माझ्याकडे आला. "बाई, चार धा आनी वर सा!" मी फळ्यावर ४६ लिहिले आणि विचारलं, "ह्येका काय म्हणतत?" तो आठवायला लागला.